‘पोलिसांचे हात मोकळे करा’ म्हणजे नेमकं काय करा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. लॉ कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुम्ही महाल, सीताबर्डी, धरमपेठ, जरीपटका आणि मोमीनपुऱ्यात फिरलात आणि लोकांना एकच प्रश्न विचारलात: ‘दहशतवादाशी लढण्यासाठी पोलिसांचे अधिकार वाढवावेत का?’ बहुतेकांनी ‘हो’वर खूण केली. आता तुमचं म्हणणं असं, की लोकांनाच हे हवं आहे तर वकील मंडळी आडवी का येतात? लोकमत एवढं स्पष्ट असताना कलमांचा कीस पाडायचा कशाला?

मी 1994 साली सनद घेतली. तेव्हापासून नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि हायकोर्टाच्या खंडपीठात फौजदारी कामं करतो. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा मी सीनियरच्या फाइली उचलत होतो. मग राज्याचा संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का आला, दहशतवादविरोधी पोटा आला आणि गेला, आजचा दहशतवादविरोधी कायदा यूएपीए दर काही वर्षांनी जाडजूड होत गेला. बहुतेक कामं बचावाच्या बाजूची, पण चार वर्षं सरकारी पॅनेलवरही काढली आहेत. त्यामुळे तपास अधिकाऱ्याची रडकथाही मला पाठ आहे.

तुमचा सर्व्हे चुकीचा नाही. मी विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. फक्त तो पोलिसांच्या अधिकारांबद्दलचा सर्व्हे नाही. तुम्ही लोकांना विचारलंत, ‘बॉम्ब फोडणाऱ्यांचा राग येतो का?’ लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, येतो.

परवा कोर्टाच्या गेटबाहेर तर्री-पोहे खाताना तुमचाच प्रश्न मी ओळखीच्या एका ऑटोवाल्याला विचारला.

‘वाढवलेच पाहिजे ना जी. सारे हात बांधून ठेवले पोलिसाचे.’

‘बरं. मग उद्या तुलाच उचललं आणि 30 दिवस कोठडीत ठेवलं तर?’

‘मले काऊन?’

‘संशयावरून.’

त्याचा चमचा तसाच हवेत राहिला. ‘संशय कोणाले आला, त्याच्यावर हाय. आमच्या चौकातल्या जमादाराले आला असन तं नाही जमत. त्याले तं माह्या ऑटोवरबी रोज संशय येते. डीसीपी साहेबाले आला असन तं मंग पाहू.’

एका प्लेटीत हा माणूस जिथे पोचला, तिथे पोचायला विधिमंडळाला वर्ष लागलं. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांविरुद्धचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै 2024 मधे आलं, ते रखडलं, मग डिसेंबर 2024 मधे आपल्याच शहरातल्या हिवाळी अधिवेशनात नव्याने मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. जुलै 2025 मधे ते मंजूर झालं तेव्हा त्यात जे मोजके बदल होते, त्यातला एक असा: मूळ मसुद्यात तपास उपनिरीक्षक करू शकत होता, आता किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी हवा. बंदी योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचनाही बदलली, त्याचं अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे गेलं. विरोधकांचं एवढ्याने समाधान झालं नाही. माझंही झालेलं नाही, कारण बेकायदेशीर कृत्याची व्याख्या अजूनही ऐसपैस आहे. पण बघा, 12 हजार पत्रं हे सुद्धा लोकमतच आहे. तुमच्या ‘हो-नाही’पेक्षा ते जास्त बोलकं आहे, कारण लिहिणाऱ्यांच्या समोर कागद होता. कलम समोर ठेवलं की लोक कलमावर बोलतात, नुसता ‘दहशतवाद’ हा शब्द ठेवला की दहशतवादावर बोलतात.

घरातलंच एक सांगतो. माझे साडू महालात राहतात. 1 जून 2006 च्या पहाटे संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला. लाल दिव्याची पांढरी ॲम्बेसेडर, आतल्यांच्या अंगावर पोलिसी कपडे. तिघेही पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोळ्यांचा आवाज साडूंच्या घरात ऐकू गेला होता. त्या दिवसापासून जेवायला बसलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, ‘असल्यांना कोर्टात आणायचंच कशाला?’ मी वरणभात कालवत राहतो.

मग 17 मार्च 2025 ला महालात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. हा दहशतवादाचा प्रकार नव्हता, पण पोलिसांनी कॅमेरे आणि मोबाइल तपासायला घेतले. त्यात साडूंच्या पुतण्याला एका ठाण्यात बोलावणं आलं. पोरगा त्या संध्याकाळी दुकान बंद करून घरी निघाला होता, एवढंच. रात्री दोनपर्यंत बाकावर बसवून ठेवला. फोन घेतला, पण घेतल्याचा कागद दिला नाही. अटकही नाही आणि सुटकाही नाही. मी गेलो, डायरीत नोंद बघायला मागितली, थोडी शाब्दिक चकमक झाली आणि पोरगा घरी आला. परतताना स्कूटरवर मागे बसलेले साडू म्हणाले, ‘ते घरच्यांना लेखी कळवावं लागतं म्हणता, ते कोणतं कलम?’ वीस वर्षांत त्यांनी मला विचारलेलं ते पहिलं कलम.

तुम्हाला वाटेल त्यांचं मत बदललं. छे. आठ दिवसांनी पुन्हा तेच, हात मोकळे करा. मी म्हटलं, ‘अहो, पण आपला पोरगा?’ तर म्हणाले, ‘ते अतिरेक्यांसाठी म्हणतोय मी. हा तर आपला पोरगा आहे.’

मी त्यांना ढोंगी म्हणणार नाही. ‘पोलिसांना पूर्ण अधिकार द्या’ आणि ‘ठाण्याची पायरी चढायला लागू नये’ ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे एकाच तोंडातून येतात आणि दोन्ही खरी असतात. पहिल्या वाक्यातला पोलिस टीव्हीवरचा असतो, काळी वर्दी घातलेला. दुसऱ्या वाक्यातला पोलिस ठाणे अंमलदार असतो, जो तक्रार लिहून घेण्याआधी ‘हद्द आमची नाही’ म्हणतो. कायदा मात्र अधिकार दोघांनाही एकाच शाईने देतो. तुमच्या प्रश्नपत्रिकेत ही फट कुठेच दिसत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आता अधिकार म्हणजे काय ते बघू. लोकांच्या डोक्यात अधिकार म्हणजे बंदूक, गाडी, जास्त माणसं. कायद्यात ‘अधिकार वाढवणं’ म्हणजे बहुतेक वेळा चार गोष्टी: माणसाला चार्जशीटशिवाय किती दिवस आत ठेवायचं, जामीन किती अवघड करायचा, पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालवायची का, आणि फोन ऐकणं किंवा संघटनेवर बंदी घालणं. चौथ्यावर इथे थांबत नाही. तो वेगळा आणि लांबलचक विषय आहे.

कबुलीपासून सुरू करतो, कारण तिथे माझं मत पक्कं आहे. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम 1872 च्या पुरावा कायद्यात इंग्रजांनी घातला. आज तो भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 23 म्हणून आहे. राज्य त्यांचं, पोलिस त्यांचे, तरीही त्यांचाच आपल्या पोलिसांच्या कबुलीवर भरवसा नव्हता. कबुली हवी तर मॅजिस्ट्रेटपुढे द्या. स्वतंत्र भारतात टाडाने हे कुंपण मोडलं, पोटाने मोडलं, आणि महाराष्ट्राच्या 1999 च्या मोक्काने मोडलं: एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, शहरात म्हणाल तर डीसीपी, म्हणजे पोलिस उपायुक्त. म्हणजे ऑटोवाल्याची अट मोक्काने पाळली होती. यूएपीए कितीही कडक असला तरी त्यात ही सोय नाही, हे बऱ्याच वकिलांनाही माहीत नसतं.

या सोयीचं फळ काय, त्यासाठी मुंबईचे दोन खटले शेजारी ठेवा. 11 जुलै 2006 ला लोकलमधे सात स्फोट झाले, 180 हून अधिक माणसं गेली. मोक्का लागला, कबुल्या नोंदवल्या गेल्या, 2015 मधे विशेष न्यायालयाने 12 जणांना शिक्षा दिली, त्यातल्या पाचांना फाशी. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातले काही आपल्या वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात होते. ज्या कबुल्यांवर खटल्याचा डोलारा उभा होता, त्याच न्यायालयाने नाकारल्या. छळाचे आरोप होते, आणि वेगवेगळ्या माणसांच्या कबुल्यांमधला मजकूर एकसारखा निघाला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. 2006 च्याच मालेगाव स्फोटांतही आधी पकडलेल्यांना 2016 मधे आरोपमुक्त करावं लागलं.

आता दुसरा खटला. 26 नोव्हेंबर 2008. तुकाराम ओंबळेंनी स्वतःचा जीव देऊन कसाबला जिवंत पकडून दिला. यूएपीएमधे 180 दिवसांची दुरुस्ती आली ती त्यानंतर, डिसेंबरमधे. कसाबची चार्जशीट 25 फेब्रुवारी 2009 ला दाखल झाली, 11 हजारांहून अधिक पानांची. अटकेपासून बोटं मोजा, नव्वद दिवसांतच. सीएसटीवरची छायाचित्रं, कॅमेऱ्यांचं चित्रण, बोटीवरच्या वस्तूंचे डीएनए अहवाल, शेकडो साक्षीदार. त्याची कबुलीही नोंदवली गेली ती मॅजिस्ट्रेटपुढे, जुन्या कायद्याप्रमाणे. 2010 मधे शिक्षा, 2012 मधे सर्वोच्च न्यायालयाकडून कायम.

देशातला सगळ्यात मोठा खटला जुन्या मुदतीत आणि जुन्या पुराव्याच्या नियमांत टिकला. जादा अधिकार असलेला खटला 19 वर्षांनी कोसळला. तुम्ही म्हणाल कसाब रंगेहाथ सापडला होता, तुलना बरोबरीची नाही. अर्धं मान्य. पण सरकारी पॅनेलवर असताना मी जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो: कबुली हातात आली की तपास बसतो. सीडीआर म्हणजे फोन कॉलच्या नोंदी मागवायचं पत्र उद्यावर जातं, ओळखपरेड लांबते, पंच म्हणून नेहमीचाच पानठेलेवाला येतो. कबुली असलेल्या एका प्रकरणात मी तपास अधिकाऱ्याला विचारलं होतं, लॉजचं रजिस्टर का जप्त केलं नाही? म्हणाला, ‘साहेब, त्याने सांगितलंच ना कोणत्या लॉजमधे होता ते.’ माणूस कष्टाळू होता, प्रामाणिक होता. त्याला गरजच वाटली नव्हती. खटल्यात कबुली टिकली नाही, आणि लॉजवाल्याचं जुनं रजिस्टर तोवर रद्दीत गेलेलं.

दिवसांचं गणित थोडं वेगळं आहे, आणि त्यात लोकांचा फार गोंधळ होतो. साधारण गुन्ह्यात पोलिस कोठडी म्हणजे पीसीआर जास्तीत जास्त 15 दिवस. जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे 15 दिवस पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही घेता येतात. चार्जशीट 60 किंवा 90 दिवसांत आली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएमधे पीसीआर 30 दिवसांपर्यंत जाते आणि चार्जशीटची मुदत 90 वरून 180 पर्यंत वाढवता येते. त्यासाठी सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि आणखी वेळ का हवा याची नेमकी कारणं देणारा अहवाल द्यायचा असतो. कागदावर ही चांगली चाळणी आहे.

चाळणीची भोकं किती मोठी, ते एका बाईमुळे लक्षात राहिलं. अहेरीकडची. नागपुरात पकडलेल्या नवऱ्यासाठी रात्रभर एसटीने आली होती. हातात कॅलेंडरची तीन फाडलेली पानं, एकेक दिवस पेनने खोडलेला. तिला कोणीतरी सांगितलं होतं, नव्वद दिवस भरले की माणूस सुटतो. तो नव्वदावा दिवस होता. स्टीलच्या डब्यात भात आणि सुकट आणली होती, सुटल्यावर एसटी स्टँडवर दोघांनी खायची म्हणून. दुपारी सरकारी वकिलांचा अहवाल आला, दोन पानांचा, आणि मुदत वाढली. मी तिला कॉरिडॉरमधे समजावलं की आता 180. ती म्हणाली, ‘म्हणजे आणिक तीन पानं?’ पुढे चार्जशीट आली तेव्हा मुद्दाम मोजलं, वाढीव मुदतीत नवीन काय जमलं? दोन जबाब आणि एक सीडीआर, जो पहिल्या महिन्यातच आलेला होता.

सगळ्याच प्रकरणांत असं होतं असं नाही. फॉरेन्सिक लॅबचे अहवाल खरंच उशिरा येतात, परराज्यातले धागे जुळवायला वेळ लागतो. अशा प्रकरणात मुदतवाढीला मी स्वतः फार ताणून विरोध करत नाही. पण तुमच्या फॉर्मवर खूण करणाऱ्याला आपण ‘आणिक तीन पानां’वर सही करतोय हे कुठे ठाऊक होतं?

जामिनाबद्दल फक्त आकडे देतो, कारण ते दोन्ही बाजूंनी कसे वापरले जातात ते मजेशीर आहे. 2016 ते 2020 या काळात यूएपीएखालच्या प्रकरणांत 24,134 जण आरोपी होते, त्यातल्या 212 जणांना शिक्षा झाली आणि 386 निर्दोष सुटले, असं सरकारने संसदेत सांगितलं. आमची मंडळी म्हणतात, बघा, शिक्षा एक टक्कासुद्धा नाही. पोलिसांच्या बाजूचे म्हणतात, निकाल लागलेल्यांपैकी तीनात एकाहून जास्त दोषी ठरले, मग कायदा वाईट कसा? दोघांचा हिशोब बरोबर आहे. माझी नजर जाते ती उरलेल्या साडेतेवीस हजारांवर. त्यांच्याबद्दल न्यायालयाने पाच वर्षांत ना हो म्हटलं, ना नाही. यूएपीएच्या कलम 43-ड मुळे जामीन दुर्मीळ, सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या वटाली निकालानंतर तर आणखीच. 2021 मधे नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खटला लवकर संपायची चिन्हं नसतील तर घटनात्मक न्यायालयं जामीन देऊ शकतात. तेव्हापासून आमच्यासारख्यांच्या अर्जात पहिल्या पानावर नजीब असतो.

माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपाखाली पकडलेले दिल्लीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात नागपूरकरांची मतं मी जवळून ऐकली, म्हणून तेही घेतो. गडचिरोलीच्या न्यायालयाने 2017 मधे शिक्षा दिली. ते इथल्या कारागृहात, अंडा सेल म्हणतात त्या एकांत कोठडीत. 14 ऑक्टोबर 2022 ला आपल्या खंडपीठाने सोडलं, दुसऱ्याच दिवशी शनिवारी बसून सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल स्थगित केला, मग प्रकरण फेरसुनावणीला आलं आणि 5 मार्च 2024 ला खंडपीठाने पुन्हा सोडलं, या वेळी निर्दोष ठरवून. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे ते वारले. 2022 च्या निकालानंतर बार रूमपासून मॉर्निंग वॉकपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं: ‘तांत्रिक कारणावरून सुटला.’ तांत्रिक कारण म्हणजे काय, तर खटल्याला मंजुरी येण्याआधीच न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतली होती. यूएपीएमधे सरकारने मंजुरी देण्याआधी स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावा तपासायचा, ठरलेल्या मुदतीत, ही तरतूद डिसेंबर 2008 मधे आली. ज्या दुरुस्तीने 180 दिवस दिले आणि जामीन आवळला, त्याच दुरुस्तीने. देवाणघेवाण होती ती. पोलिसांना एवढं देतोय, त्या बदल्यात एक जास्तीची चाळणी. लोकांना 180 दिवस हवेत आणि मंजुरी मात्र ‘तांत्रिक’. दुकानदाराने पैसे घ्यायचे आणि पावती मागितली की ‘ती औपचारिकता आहे हो’ म्हणायचं, त्यातला प्रकार.

नागपूरच्या लोकमताची गोष्ट करताना 13 ऑगस्ट 2004 सोडून चालत नाही. मी त्या दिवशी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच होतो, दुसऱ्या मजल्यावर. खाली कस्तुरबा नगरच्या बायका आल्या आणि वस्तीला छळणाऱ्या गुंड अक्कू यादवला भर न्यायालयात ठार मारलं. बाहेरच्या शहरांत याची चर्चा ‘लोकांनी कायदा हातात घेतला’ अशी झाली. वस्तीतल्या बायका वर्षानुवर्षं काय सांगत होत्या? तक्रार करायला गेलं तर ऐकत नाहीत, पकडला तरी सुटून येतो, सुटून आला की तक्रार करणाऱ्याच्याच दारात उभा राहतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी पोलिसांना नवीन अधिकार लागत नव्हता. तक्रार लिहून घेणं, जामीन रद्द करायचा अर्ज, तडीपारी, एमपीडीए या गुंडांविरुद्धच्या राज्य कायद्याखाली स्थानबद्धता, सगळं पुस्तकात होतं. त्या वस्तीत कोणी तेव्हा तुमचा फॉर्म घेऊन गेलं असतं तर तिथेही ‘हो’वरच खूण झाली असती, आणि तिचा अर्थ असता: जे आहे ते तरी वापरा.

दहशतवादाची झळ प्रत्यक्ष बसलेल्यांचं म्हणणंही असंच निघतं, निदान मी ज्यांच्याशी बोललो त्यांचं. गडचिरोलीत 1 मे 2019 ला भूसुरुंग स्फोटात 15 जवान आणि त्यांचा चालक गेला. अशाच एका जुन्या स्फोटात मुलगा गमावलेले एक वडील कामानिमित्त माझ्याकडे यायचे. मी त्यांच्याशी अधिकारांच्या चर्चेत कधी पडलो नाही, लाजच वाटली असती. त्यांचा प्रश्न प्रत्येक भेटीत एकच: ‘तारीख लागली का?’ 2025 च्या लोकल स्फोटांच्या निकालानंतर पीडितांचे नातेवाईक वाहिन्यांवर बोलत होते, त्यांचाही सूर तोच. हे 12 जण नाहीत तर मग कोण? 19 वर्षं गेली, आता कोण शोधणार? चुकीचा माणूस आत असतो तेवढा वेळ बरोबर माणूस बाहेर असतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

‘लोकांना हवंय तर द्या’ याला शेवटचं उत्तर बाहेरच्या उदाहरणाने देतो. जुलै 2005 मधे लंडनला स्फोट झाले. ब्लेअर सरकारने म्हटलं, आरोप न ठेवता 90 दिवस ताब्यात ठेवू द्या. जनमत चाचण्यांत लोक सरकारच्या बाजूने होते. नोव्हेंबरमधे खासदारांनीच, सत्ताधारी पक्षातले काही धरून, 322 विरुद्ध 291 मतांनी ते पाडलं आणि 28 दिवसांवर तडजोड केली. 2011 मधे ते 14 वर आलं. (आपल्या 180 शी याची थेट तुलना करू नका. त्यांचं ते पोलिसांच्या ताब्यातलं आहे, आपल्याकडे 30 दिवसांपुढचं तुरुंगातलं असतं. वादविवाद स्पर्धेत ही चूक हमखास होते.) त्या खासदारांना पुढच्या निवडणुकीत लोकांनी 90 दिवसांसाठी फाडून खाल्लं, असं काही झालं नाही. आपल्याकडे 26 मार्च 2002 ला पोटा संसदेच्या संयुक्त बैठकीत 425 विरुद्ध 296 ने मंजूर झाला आणि 2004 मधे रद्द झाला. रद्द झाला म्हणून नागपुरात कुणी चौकात टायर जाळल्याचं मला आठवत नाही. खूण करताना लोक जोरात करतात, पण कोणत्या कायद्यासाठी केली ते लक्षात ठेवत नाहीत, कारण कायदा त्यांना कोणी दाखवलेलाच नसतो.

म्हणून सर्व्हे फेकू नका, दुसरी फेरी काढा. त्याच लोकांकडे जा. आधीचा प्रश्न तसाच ठेवा, आणि त्याच्यामागे कलमागणिक प्रश्न जोडा, साध्या भाषेत: चार्जशीटशिवाय 180 दिवस, चालेल का? पोलिस अधिकाऱ्याने लिहून घेतलेली कबुली पुरावा मानावी का? तपास कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करावा? त्याच्यावर नजर कोणी ठेवावी, न्यायाधीशाने, सरकारने की वरिष्ठ पोलिसानेच? चुकीने आत राहिलेल्याला भरपाई द्यावी का? हा शेवटचा प्रश्न कुठल्याच सर्व्हेत नसतो, तुम्ही घाला. आणि ‘तुम्ही स्वतः कधी ठाण्यात तक्रार द्यायला गेला आहात का’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारलंत तर बाकीची उत्तरं त्याच रंगात रंगून येतील. एखादी मोठी घटना घडून गेल्याच्या आठवड्यात फिरू नका, किंवा फिरलात तर तारीख ठळक लिहा.

भारतीय न्याय संहितेचं कलम 113 ही वाचून जा. दहशतवादी कृत्याची व्याख्या आता सर्वसाधारण फौजदारी कायद्यातही आली आहे, आणि गुन्हा त्या कलमाखाली नोंदवायचा की यूएपीएखाली हे एसपी दर्जाचा अधिकारी ठरवतो. लोकांना हे विचारायला हरकत नाही, की असा निर्णय एकट्या अधिकाऱ्यावर सोडावा का. मला उत्तर ऐकायला आवडेल.

मसुदा झाला की कोर्टातच घेऊन या, दुपारच्या सुट्टीत मी कॅन्टीनला असतो. ऑटोवाल्याचा फॉर्म मी भरून घेतला आहे. खूण त्याने ‘हो’वरच केली, पण समासात स्वतःच्या हाताने लिहिलंय: ‘डीसीपी पाहिजे.’